कारखाना दूर, काम शिवारात : वारणेच्या माहितीजालाचा धडा

डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगाम ऐन भरात असतो. पहाटेच्या धुक्यात तोडणी मजुरांची टोळी उसाच्या फडात उतरते, कोयते चालू लागतात, बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरतात आणि प्रत्येक खेपेबरोबर एक चिठ्ठी कारखान्याच्या वजनकाट्याकडे रवाना होते. ही चिठ्ठी लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यास या भागात चिटबॉय म्हणतात. त्याचे नाव कारखान्याच्या पगारपत्रकावर असते. पण कारखान्याच्या इमारतीत त्याचे काम फारसे नसते. त्याचे कार्यालय म्हणजे बांध, गावातील पार आणि खिशातील वही. शेतकरी मात्र सारे काही त्यालाच विचारतो. माझ्या उसाची पाळी केव्हा लागणार? कालच्या खेपेचे वजन किती भरले? बिल कधी जमा होणार? या प्रश्नांची उत्तरे ज्या दप्तरात असतात, ते दप्तर बांधापासून कित्येक किलोमीटर दूर असते.

उत्तर वेळेवर न मिळाल्यास होणारे नुकसान केवळ मनस्तापाचे नसते. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. तोडीची तारीख लांबली की त्याला तुरा येतो, वजन घटू लागते आणि खोडव्याचाही हंगाम पुढे सरकतो. उलट, तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जाणे इष्ट असते. तो उन्हात पडून राहिला तर वजनाबरोबर साखरेचा उताराही खाली येतो. वर्षा-दीड वर्षाच्या श्रमाचे मोल अशा रीतीने तोडीच्या आठवड्यात ठरते आणि त्या आठवड्यात शेतकऱ्यासमोर कारखान्याचा प्रतिनिधी म्हणून उभा असतो तो हा दूरवरचा, हातात पुरेशी माहिती नसलेला कर्मचारी.

मुख्यालयापासून दूर राहून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास आधुनिक साधने कितपत आधार देतात, हा प्रश्न २०२० सालच्या टाळेबंदीनंतर सर्वत्र चर्चिला गेला. ती चर्चा बव्हंशी शहरातील संगणक कंपन्यांपुरती राहिली. वस्तुतः महाराष्ट्रात असा कर्मचारी नवा नाही. गावोगाव फिरणारा तलाठी, ग्रामसेवक, वीज मंडळाचा वायरमन, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका, कालव्यावरील चौकीदार हे सारे पिढ्यान्‌पिढ्या दूरस्थ कर्मचारीच आहेत. त्यांच्या हाती संगणक व भ्रमणध्वनी देण्याचा एक मोठा आणि अभ्यासण्याजोगा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातच, वारणानगर येथे, टाळेबंदीच्या बावीस वर्षे आधी सुरू झाला होता. प्रस्तुत लेखात त्याचाच प्रामुख्याने विचार करावयाचा आहे.

वारणेचे खोरे

सह्याद्रीत उगम पावून सांगलीजवळ हरिपूर येथे कृष्णेस मिळणारी वारणा नदी कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांची सीमा होऊन बराच काळ वाहते. या खोऱ्यात, पन्हाळा तालुक्यातील कोडोलीच्या परिसरात, कै. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० नंतरच्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा राहिला. माळरानावर वसाहत झाली, तिचे वारणानगर झाले. पुढे दूध संघ, वारणा बझार, शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालय, बालवाद्यवृंद अशा संस्था तेथे निर्माण झाल्या. महाराष्ट्रातील सहकाराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या नामावळीत नवे काही आढळणार नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घेणे अगत्याचे आहे. या संस्थांचे सभासद हजारोंच्या संख्येने असले, तरी त्यांचे व्यवहार नोंदविणारी यंत्रणा एका ठिकाणी एकवटलेली होती. उसाची नोंद करणे, खताची उधारी घेणे, तोडणीचा परवाना मिळविणे, वजनाची खात्री करणे, बिलाची चौकशी करणे, यांतील प्रत्येक कामासाठी शेतकऱ्यास वारणानगरची वाट धरावी लागे. एक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली असा हिशेब शेतकरी मांडतो आणि तो चुकीचा नाही.

१९९८ च्या मे महिन्यात केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कार्यदल नेमले. ग्रामीण भागात माहिती तंत्रज्ञानाचा उपयोग करून दाखवावा या हेतूने त्याच वर्षी वारणा खोऱ्यातील सुमारे ७० गावे एका जालात जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राने, चाळीस टक्के राज्य शासनाने आणि दहा टक्के वारणा समूहाने उचलावा, अशी योजना होती. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने त्यासाठी मराठीतून चालणारी संगणक प्रणाली तयार केली. गावोगाव संगणक व छपाईयंत्र असलेली माहिती केंद्रे उघडण्यात आली. त्यांची संख्या पुढे ५४ झाली. प्रत्येक केंद्रावर संगणक चालविणारा एक चालक बसू लागला. कारखान्याचे काम करणारा, पण कारखान्यापासून दूर, आपल्याच गावात बसणारा असा हा नव्या तऱ्हेचा कर्मचारी होता.

प्रकल्पाच्या आरंभी अपेक्षा फार मोठ्या होत्या. या केंद्रांवरून शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, पिकांविषयी तज्ज्ञांचा सल्ला मिळेल, दूरच्या डॉक्टरांशी बोलता येईल, मुलांना शिक्षण घेता येईल, शासकीय दाखले मिळतील, असे चित्र रंगविले गेले. देशातूनच नव्हे तर परदेशांतूनही अभ्यासक वारणानगरास येऊन गेले.

एक जुनी कल्पना

येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते. कार्यालयात न येता दूरसंचाराच्या साहाय्याने काम करणे या कल्पनेला नाव मिळाले ते १९७३ साली, अमेरिकेत. जॅक निलेस नावाच्या अभियंत्याने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना या विषयाचा अभ्यास केला आणि १९७६ मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो काळ खनिज तेलाच्या टंचाईचा होता. लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर मोटारींच्या रांगांत जाणारे तास आणि जळणारे पेट्रोल कसे वाचवावे, हा निलेस यांच्यापुढील प्रश्न. त्यांनी सुचविलेला उपाय मात्र प्रत्येकाने घरी बसून काम करावे असा नव्हता. मोठ्या कार्यालयाची लहान लहान उपकेंद्रे कर्मचाऱ्यांच्या वस्तीजवळ उघडावीत, दिवसभराचे काम तेथे व्हावे आणि त्याची माहिती तारेवरून मुख्य संगणकाकडे जावी, असा त्यांचा विचार होता.

वारणेची ५४ केंद्रे म्हणजे या विचाराचेच ग्रामीण रूप होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. दोहोंत भेद एवढाच की, कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याची खेप वाचवावयाची होती, तर वारणेत कर्मचाऱ्याबरोबर शेतकऱ्याचीही. घरून काम करणे आणि गावातील केंद्रातून काम करणे या दोन गोष्टी आपण हल्ली एकाच नावाखाली घालतो. त्यांच्या गरजा निराळ्या आहेत. घरात वीज गेली तर एकाचे काम थांबते. केंद्रात वीज गेली तर साऱ्या गावाचे.

संगणकाने काय केले, काय केले नाही

वारणेचा प्रकल्प सुरू होऊन सात-आठ वर्षे लोटल्यावर त्याची तटस्थ पाहणी झाली, ही भाग्याची गोष्ट. सरकारी वा सहकारी योजनांच्या उद्घाटनाची छायाचित्रे विपुल असतात. आठ वर्षांनी त्या यंत्रांचे काय झाले हे पाहणारे विरळा. बंगळुरू येथील मायक्रोसॉफ्टच्या संशोधन संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा यांनी वारणेतील केंद्रांचा अभ्यास केला व त्यावरील निबंध २००७ साली प्रसिद्ध केला.

त्यांना आढळलेली स्थिती मोठी बोलकी होती. बाजारभाव, दूरस्थ वैद्यकीय सल्ला, शिक्षण इत्यादी ज्या उपयोगांचा गाजावाजा झाला होता, ते प्रत्यक्षात जवळजवळ होतच नव्हते. केंद्रे वापरात होती, पण एकाच कामासाठी: कारखाना आणि गाव यांच्यामध्ये उसासंबंधीची माहिती ने-आण करण्यासाठी. किती ऊस गेला, किती वजन भरले, खताची उधारी किती झाली, तोडणीचा परवाना निघाला की नाही. ही माहिती म्हणजे मोजक्या आकड्यांचा व्यवहार. तो करण्यासाठी गावात संगणक, त्याला लागणारी वीज, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, छपाईयंत्र, जोडणी आणि दुरुस्ती असा मोठा संसार मांडावा लागला होता. ग्रामीण भागातील भारनियमनाची त्या वर्षांतील स्थिती वाचकांच्या स्मरणात असेल. केंद्र उघडे, चालक हजर, शेतकरी दारात आणि यंत्र मात्र बंद, हा प्रसंग नित्याचाच.

येथे दोन परस्परविरुद्ध निष्कर्ष काढता आले असते. प्रकल्प फसला म्हणून केंद्रांना टाळे ठोकावे, हा एक; किंवा याहून वेगवान संगणक व याहून मोठी जोडणी द्यावी, हा दुसरा. संशोधकांनी दोन्ही टाळले. त्यांनी साधा प्रश्न विचारला: जे काम खरोखर होत आहे, त्याला किती साधन पुरेल?

उत्तर निघाले लघुसंदेशाचे. सात गावांत आठ महिने त्यांनी संगणकाच्या जागी भ्रमणध्वनी वापरून पाहिला. त्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. कारखान्याच्या बाजूस एका संगणकाला भ्रमणध्वनी जोडलेला असे. गावातून विशिष्ट सांकेतिक रचनेत संदेश आला की तो संगणक संदेश वाची, शेतकऱ्याच्या खात्यातील माहिती शोधी आणि उत्तराचा संदेश उलट टपाली धाडी. शेतकऱ्याच्या वजनाची, खताची, बिलाची माहिती अशा रीतीने गावातच मिळू लागली. संगणकावर होणारी सर्व कामे या पद्धतीने पार पडली. शिवाय ती स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत पडली, असा निष्कर्ष संशोधकांनी नोंदविला. सर्व केंद्रांवर ही पद्धत लागू केल्यास वर्षाकाठी सुमारे दहा लाख रुपयांची बचत होईल, असा त्यांचा अंदाज होता.

लघुसंदेश का चालला?

हे केवळ स्वस्ताईमुळे घडले असे मानणे बरोबर होणार नाही. त्यामागे तंत्राचा एक गुण आहे आणि तोच या अभ्यासाचा गाभा आहे, असे आम्हांस वाटते.

दूरच्या माणसाला माहिती देण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत दोन्ही टोके एकाच वेळी जागी असावी लागतात. दूरध्वनीवरील संभाषण, दृक्‌श्राव्य बैठक आणि मध्यवर्ती संगणकावर थेट चालणारी प्रणाली ही या रीतीची उदाहरणे. मधला दुवा क्षणभर तुटला तरी काम जागीच अडते आणि पुष्कळदा भरलेली माहितीही पुसली जाते. दुसऱ्या रीतीत निरोप वाटेत थांबू शकतो. टपालाचे पत्र ज्याप्रमाणे पोस्टात मुक्काम करून पुढे जाते, त्याचप्रमाणे लघुसंदेश दूरसंचार कंपनीच्या यंत्रणेत थांबून राहतो आणि समोरचा भ्रमणध्वनी चालू होताच त्याला मिळतो. बांधावरून फिरणाऱ्या, मधूनमधून संपर्काबाहेर जाणाऱ्या माणसाला ही दुसरी रीत मानवते. भ्रमणध्वनीची बॅटरी रात्री कधीतरी वीज आली की भरून घेता येते, हा आणखी एक फायदा. संगणकाला वीज हवी असते ती शेतकरी दारात उभा असेल त्या घटकेला.

लघुसंदेशाला मर्यादा आहेतच. रोमन लिपीत त्यात १६० अक्षरे बसतात. देवनागरीत अवघी ७०, आणि त्यांत काना, मात्रा, वेलांटी हीही स्वतंत्र मोजली जातात. मराठीतून सविस्तर खुलासा करण्यास ती जागा अपुरी. परंतु वजन, तारीख आणि रक्कम हे तीन आकडे कळविण्यास पुरेशी. शिवाय संदेश शेतकऱ्याच्या स्वतःच्या भ्रमणध्वनीवर आला तर तो त्याच्याजवळ राहतो. वजनकाट्याविषयी शंका ही उसाच्या पट्ट्यात जुनी गोष्ट आहे. आकडा कर्मचाऱ्याच्या तोंडून ऐकणे आणि तो स्वतः वाचणे यांत जो फरक आहे, तो कर्मचाऱ्याच्याही हिताचा आहे, कारण वाद झाल्यास पहिला रोष त्याच्यावर येतो.

टोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या व अशा अनुभवांतून एक सूत्र मांडले. तंत्रज्ञान हे माणसांच्या व संस्थांच्या मूळच्या इच्छेला आणि कुवतीला वाढवून दाखविते. जेथे ती नाही, तेथे ते स्वतः होऊन ती निर्माण करीत नाही, असा त्याचा आशय. वारणेत ऊस नोंदणीची शिस्त आधीपासून होती, म्हणून यंत्राला करण्याजोगे काम मिळाले. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासाठी दुसऱ्या टोकाला वेळ देणारा डॉक्टरच नेमलेला नसेल, तर गावातील संगणकाने कोणाशी बोलावे?

घरच्या टेबलावर

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी जारी झाली. पुण्या-मुंबईत नोकरी करणारे कोल्हापूर जिल्ह्यातील कित्येक तरुण गावी परतले आणि माजघरात वा सोप्यावर संगणक मांडून काम करू लागले. शहरातील व सखल भागातील गावांत हे बऱ्यापैकी निभावले. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगराळ तालुक्यांत मात्र संपर्काची लहर पकडण्यासाठी टेकडी चढावी लागण्याची पाळी अनेकांवर आली.

घरून केलेल्या कामाविषयी सर्वांत काटेकोर प्रयोग त्याच्या दहा वर्षे आधी चीनमध्ये झालेला आहे. शांघाय येथील सीट्रिप या प्रवास कंपनीच्या दूरध्वनी केंद्रात निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१०-११ मध्ये केला. इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्यातून चार दिवस घरून काम करावे. विषम तारखेच्यांनी कार्यालयातच राहावे. नऊ महिन्यांनी घरच्या गटाचे काम १३ टक्क्यांनी अधिक भरले आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याने घटले. एवढाच भाग सर्वत्र सांगितला जातो. पण त्या कर्मचाऱ्यांना घरी स्वतंत्र खोली व वेगवान जोडणी असणे ही पूर्वअट होती. काम वैयक्तिक होते, मोजता येण्याजोगे होते आणि दोन्ही गटांची यंत्रसामग्री सारखी होती. प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करण्याची मुभा दिली, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी आपली निवड बदलली. घरी एकाकी वाटते, ही परत फिरणाऱ्यांची मुख्य तक्रार होती. शिवाय कामाच्या मानाने पाहता घरच्या गटाला बढती मिळण्याची शक्यता कमी झाल्याचे दिसले. नजरेआड असलेला माणूस बढतीच्या वेळी आठवत नाही, हे शांघायमध्ये जितके खरे, तितकेच तालुक्याच्या गावीही.

एकाकीपणावर वारणेच्या केंद्राचा चालक कदाचित हसला असता. त्याच्या दारात दिवसभर गाव असे. त्याची अडचण निराळी: गावातले सारे त्याचे नातेवाईक वा ओळखीचे, आणि मुख्यालयाच्या प्रत्येक विलंबाचा जाब देणारा तो एकटा. दूरस्थ कर्मचाऱ्यास साधनाकडून हवा असतो तो सर्वांत आधी हा आधार, की समोरच्या माणसाला त्याने खरे आणि ताजे उत्तर द्यावे. दृक्‌श्राव्य बैठकांची सोय त्यानंतरची.

सेविकेचा भ्रमणध्वनी

हा विचार शासनाच्या आजच्या सेवांना लावून पाहणे आवश्यक आहे. अंगणवाडी सेविकांनी बालकांचे वजन, उंची, आहार यांच्या नोंदी भ्रमणध्वनीवर कराव्यात यासाठी केंद्र शासनाचे पोषण ट्रॅकर हे ॲप मार्च २०२१ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात महाराष्ट्रातील हजारो सेविकांनी शासनाकडून मिळालेले भ्रमणध्वनी परत केले. संच जुने झाले आहेत, त्यांत जागा पुरत नाही, ते तापतात, दुरुस्तीचा खर्च पदरचा करावा लागतो आणि ॲप इंग्रजीत आहे, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. हा तंत्रज्ञानाला झालेला विरोध होय, असे मत तेव्हा काहींनी व्यक्त केले. ते योग्य नव्हते. ज्या बाईने वर्षानुवर्षे डझनावारी नोंदवह्या स्वच्छ मराठीत लिहिल्या, तिला नोंदींचे वावडे असण्याचे कारण नाही. तिच्या हातचे साधन कामाच्या मापाचे नव्हते. पुढे हे ॲप मराठीसह अन्य भारतीय भाषांत उपलब्ध झाले, ही इष्ट सुधारणा होय. ती आरंभीच झाली असती तर अधिक बरे. वारणेची प्रणाली १९९८ मध्येच मराठीत होती, याची येथे आठवण होते.

आणखी एक बाब. वही आणि भ्रमणध्वनी हे दोन्ही चालू ठेवण्याचा आदेश असेल, तर साधनाने काम वाचविले असे कोणत्या हिशेबाने म्हणावे? एकच नोंद दोनदा करण्याचा हा भार अनेक खात्यांतील क्षेत्रीय कर्मचाऱ्यांनी सोसला आहे. नवे साधन देताना जुन्या कोणत्या नोंदवह्या बंद झाल्या, याचा उल्लेख आदेशातच असावा, असे आम्हांस नम्रपणे सुचवावेसे वाटते.

महसूल खात्यातील अनुभव तुलनेने आशादायक आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला आणि उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जात वारंवार घालावे लागणारे हेलपाटे कमी झाले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आपल्या शेतातील पीक शेतकऱ्याने स्वतः छायाचित्रासह नोंदवावे, अशी ही पद्धत. तलाठी, ज्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, त्याचे बांधोबांध फिरणे त्यामुळे हलके झाले. पण काम नाहीसे झाले नाही. त्यातील बराचसा भाग शेतकऱ्याच्या हाती आला. ज्याला भ्रमणध्वनी वापरता येत नाही असा वृद्ध शेतकरी अखेर सज्जातच येतो, आणि त्याला मदत करणे हे आता तलाठ्याचे नवे काम होते.

मध्यवर्ती प्रणालीवर थेट चालणाऱ्या कामांत दुवा तुटण्याचा प्रश्न अद्याप संपलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात साध्या नोंदीसाठी आम्ही तीन तास बसून होतो. खिडकीपलीकडील कर्मचारी दर दहा मिनिटांनी कळ दाबून पाही आणि "सर्व्हर डाऊन आहे" एवढेच सांगे. चौथ्या वेळेस रांगेतील एका आजोबांनी त्याला विचारले, "तो कुठं असतोय? आम्ही जाऊन उठवतो की त्याला." कर्मचारीही हसला. पण त्या दिवशीच्या रांगेचा राग झेलला तो त्यानेच; सर्व्हरला कोणी काही बोलले नाही.

वेळेची सीमा

साधन खिशात आल्यापासून कामाच्या वेळेला कडा उरलेली नाही. रात्री साडेदहा वाजता गटावर संदेश येतो, "सकाळी अकरापर्यंत माहिती सादर करावी". पोचल्याची खूणही कळते, त्यामुळे पाहिले नाही असे म्हणण्याची सोय नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, मोठ्या आस्थापनांनी कामाच्या वेळेबाहेरील संदेशांविषयी कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्यात, असा कायदा लागू आहे. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात खासदार सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते. कायदा होवो न होवो, तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांना आपल्यापुरता नियम घालून घेणे अशक्य नाही. हंगामात चिटबॉयला रात्री-अपरात्री फोन येणारच, कारण टोळी पहाटे निघते आणि तिला कोणत्या फडात जायचे ते कळायला हवे. मात्र महिनाभर पडून राहणाऱ्या तक्त्यासाठी कोणाची झोपमोड करण्याचे कारण नाही. हा फरक यंत्र करीत नाही.

पुराच्या दिवसांत

कोल्हापूरकरांना साधनांची खरी परीक्षा पाहावयास मिळते ती पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, गावेच्या गावे तुटली. अशा वेळी दूरस्थ कर्मचारी हा शब्द शब्दशः खरा होतो. वीज उपकेंद्रे पाण्यात गेली की मनोरे बॅटरीवर येतात, आणि बॅटरीचे तास मोजकेच असतात. त्या तासांत चित्रफिती व लांबलचक तक्ते पाठविण्यात दुवा खर्ची घालावा, की गावात किती माणसे अडकली आहेत, त्यांत गरोदर स्त्रिया किती, बोट कोणत्या बाजूने यावी, एवढेच चार ओळींत कळवावे, हे पूर येण्यापूर्वी ठरलेले असणे इष्ट. मे महिन्यात होणाऱ्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांत गावपातळीवरील कर्मचाऱ्यांकडून अशा लहान संदेशाची रचना एकदा करवून घ्यावी. सात गावांत आठ महिने चाललेल्या त्या वारणेच्या प्रयोगात अशी रचना कशी करावी याचा नमुना आहेच: आधी सांकेतिक अक्षर, मग क्रमांक, मग आकडा. ती छापलेली पट्टी तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांच्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटवून ठेवण्यास खर्च काही येत नाही. वही मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावी लागेल.